कामाचा राजीनामा आणि सोयाबीनचा हिशेब

बॉन, जानेवारी 2025

जर्मनीत नोकरी सोडायची तर ती कागदावर सोडावी लागते. फोनवर, ई-मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर दिलेला राजीनामा इथला कायदा मानत नाही. कागदच लागतो आणि त्याखाली पेनाने केलेली सही लागते. कारखान्यातल्या अभियंत्याला जो नियम, तोच पहाटे बेकरीत पाव मांडणाऱ्या विद्यार्थ्याला. साधारण चार आठवडे आधी सांगायचं, महिन्याची 15 तारीख किंवा महिनाअखेर गाठायची, शिल्लक रजा त्या मुदतीत घ्यायची. मागितलं तर कामाचं लेखी प्रमाणपत्र देणं मालकावर बंधनकारक असतं. डिसेंबरात मी असा कागद दिला. मालकिणीने तारीख तपासली, परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या आणि माझ्या जागी कोण येणार याच्या तयारीला ती लागली. तिच्यापुरता विषय संपला. माझ्या मनात तो अजून संपलेला नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या कामाला येईल म्हणून तो इथे मांडतो.

आधी इथला पैशांचा हिशेब. बॉनच्या सरकारी विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही; सहा महिन्यांच्या सत्राला तीनशे युरोच्या आसपास वर्गणी असते आणि तिच्यात बस-रेल्वेचा पास येतो. पण व्हिसा मिळण्यापूर्वी वर्षाच्या राहण्या-खाण्याचे 11,904 युरो बँकेत गोठवून ठेवावे लागतात. जानेवारी 2025 च्या दराने ते पावणेअकरा लाख रुपयांच्या घरात जात होते. इथे आल्यावर त्यातले 992 युरो दरमहा हाती येतात. आमच्या घरी ही रक्कम शैक्षणिक कर्जातून उभी राहिली आणि सातबाऱ्यावर बोजा चढला. पहिलं वर्ष सरलं की पुढचं आपलं आपण बघायचं. म्हणून बहुतेक मुलं आल्या आल्या काम शोधतात. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मार्च 2024 पर्यंत ही मर्यादा 120 दिवसांची होती. किमान वेतन 2025 मध्ये तासाला 12.82 युरो होतं. महिन्याच्या ठरावीक मिळकतीपर्यंतच्या कामाला इथे मिनीजॉब म्हणतात; 2025 मध्ये ही मर्यादा 556 युरो होती. हिशेबाने ते आठवड्याला दहा तासांचं काम.

दहा तास म्हणजे काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण हे तास पहाटेचे असतात. पाचला दुकानात हजर राहायचं तर चारला उठायचं, हिवाळ्यात उणे तापमानात सायकल हाणायची, नऊला सुटून दहाच्या तासाला बसायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस असे गेले की उरलेले दिवस त्यांची झोप भरून काढण्यात जातात. इथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्राला 30 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे सत्राला 900 तास. सहा महिने एकही सुट्टी न घेता वाटले तरी आठवड्याला जवळपास पस्तीस तास होतात. अभ्यास हीच पूर्णवेळ नोकरी आहे, असं धरूनच हे वेळापत्रक आखलेलं आहे. वर परीक्षेचा नियम कडक. बहुतेक ठिकाणी एका पेपराला तीन प्रयत्न, आणि तिसराही गेला तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षण पुढे सरकण्यावर अवलंबून असतो, ते वेगळंच. मी शेती आणि अन्नाचं अर्थशास्त्र शिकतो. त्यातल्या संख्याशास्त्राच्या पेपराचा माझा एक प्रयत्न गेलेला आहे. फेब्रुवारीत दुसरा आहे.

इतकं सगळं समोर असताना राजीनामा दिल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण इथे येणारा आपल्याकडचा प्रत्येक मुलगा युरोला रुपयाच्या दराने गुणतो. मीही गुणतो; जानेवारी 2025 मध्ये हा दर नव्वदच्या आसपास होता. तासाचा पगार साडेअकराशे रुपये, म्हणजे गावाकडे खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या दोन-तीन रोजांहून जास्त. महिन्याचे 556 युरो म्हणजे पन्नास हजार. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. त्या भावाने दहा क्विंटल. आणि तो भाव त्या हंगामात बाजारात मिळाला नाही, हे कळंब काय, उमरगा काय, कोणत्याही आडतीवर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला विचारा. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल निघाले तर बरं म्हणायचं. म्हणजे मी सही केली त्या कागदाने दर महिन्याला दोन एकरांचं पीक सोडलं. हा गुणाकार एकदा डोक्यात बसला की ग्रंथालयात पुस्तक उघडून बसणंही आळस वाटायला लागतं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, फोनवर एवढंच विचारलं, ‘तब्येत बरी हाय ना?’ आईने सरळ विचारलं, ‘मग पोटाला काय करलालास?’ तिच्या प्रश्नात रागाचा लवलेशही नव्हता. तरी रात्रभर तो प्रश्न माझ्याबरोबर होता.

माझ्या जर्मन वर्गमित्रांना हे ओझं समजावून सांगणं अवघड जातं. तेही काम करतात. इथले निम्म्याहून जास्त विद्यार्थी शिकताना कमावतात. पण परीक्षा आली की ते काम कमी करतात किंवा सोडतात, आणि त्याची चर्चासुद्धा होत नाही. याचं कारण त्यांच्या पाठीमागे असलेल्या व्यवस्थेत आहे. युरोपातली मुलं अठराव्या वर्षी घराबाहेर काढली जातात, हा आपल्याकडचा समज निदान जर्मनीला लागू नाही. मुलाचं पहिलं व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचा खर्च देणं ही आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी आहे. शिकणाऱ्या मुलासाठी पंचवीस वर्षांपर्यंत सरकार बालभत्ता देतं; 2025 मध्ये तो महिन्याला 255 युरो होता. ज्या घराला खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी 1971 पासून सरकारी शिक्षणसाहाय्य आहे. त्यातली निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज, आणि फेडीची कमाल मर्यादा 10,010 युरो. काम सोडलं तर काय होईल, या प्रश्नाचं उत्तर त्या मुलांसाठी आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं आहे. आपल्या मुलाला ते उत्तर घरच्या सातबाऱ्याकडे बघून द्यावं लागतं. म्हणून त्यांचं निवांतपण त्यांच्या स्वभावातून आलेलं नाही, आणि आपली अपराधी भावना हाही आपल्या स्वभावाचा दोष नाही, असं मला आता ठाम वाटतं.

दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या मनातच आहे. आपल्याकडे काम ‘दिलं जातं’. ओळखीने लागतं, शब्द टाकून लागतं. ते सोडणं म्हणजे उपकाराला न जागणं. शिवाय श्रमाचं मोल आपल्याला फार मोठ्या माणसाने शिकवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभं केलं. महाराष्ट्रातल्या किती गरीब घरांत पहिली पदवी त्यामुळे आली! पण त्या योजनेत कामाचे तास शिकण्याच्या वेळापत्रकाला धरून बेतलेले होते. मुलगा शिकावा म्हणून काम होतं. परदेशातल्या दुकानाला त्या मुलाच्या पेपराशी काही देणंघेणं नसतं, असण्याचं कारणही नाही. भाऊरावांचं नाव घेऊन स्वतःला पहाटे चारला उठवत राहणं हा त्यांच्या विचाराचा अर्थ नव्हे.

शिकण्यासाठी काम सोडण्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. 14 जानेवारी 2025 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराला एकतीस वर्षं झाली. धाराशिवला त्याच विद्यापीठाचा उपपरिसर आहे. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921 मध्ये या बॉनच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून नोंदले गेले होते. इथलं शिक्षण त्यांनी पूर्ण केलं नाही, लंडनचं केलं. पण त्याआधीचा भाग मला या महिन्यात पुन्हा पुन्हा आठवला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये ते लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून परतले. 1918 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या काळात ती प्रतिष्ठेची, चांगल्या पगाराची नोकरी होती. 1920 मध्ये त्यांनी ती सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. मागे मुंबईत पत्नी रमाबाई आणि लहानगा मुलगा यशवंत. घराने किती सोसलं हे महाराष्ट्राला माहीत आहे. 1923 मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. माझ्या चार तासांच्या पाळीची त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही. पण मागे घर ओढग्रस्तीत असताना हातातली मिळकत सोडून पुस्तकाकडे जाणं हे घराशी केलेलं पाप नसतं, हे त्या चार-पाच वर्षांकडे बघून मला पटलं.

जूनमध्ये कुणाचा मुलगा निघणार असेल तर काही गोष्टी सांगतो. प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी: ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48, कॅनडात नोव्हेंबर 2024 पासून आठवड्याला 24. ही कायद्याने घातलेली वरची रेघ आहे. पहिल्या सत्रात तिथपर्यंत जायची गरज नाही. निघताना निदान एका सत्राचे पैसे कामावर विसंबून न ठेवता बाजूला काढता आले तर काढावेत. आणि घरच्यांनी पहिल्या फोनवर ‘काम लागलं का’ हे विचारू नये. मुलाला त्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

माझं पुढचं ठरलेलं आहे. परीक्षा संपल्या की एप्रिलपर्यंत व्याख्यानं नाहीत. 140 दिवसांचा हिशेब जानेवारीपासून नव्याने सुरू झाला आहे, त्यामुळे त्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येईल. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली साहाय्यकाचं काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत. त्यासाठी अर्ज दिला आहे. आईला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, त्या अर्जाला मार्क बघतात का? बघतात, म्हणालो. ‘मग आधी पेपर दे,’ म्हणाली.