छायाप्रकाश व रंगलेपन : अध्ययनसाधनांची निवड

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांचा चित्रकलेशी पहिला परिचय कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतून होतो. महाविद्यालयात आल्यावर त्यांना पुस्तके व चित्रफिती विपुल प्रमाणात उपलब्ध होतात. परंतु त्यांपैकी पुष्कळशी साधने तयार चित्राची नक्कल शिकवितात, प्रकाश पाहण्यास शिकवीत नाहीत. त्यामुळे साधननिवडीचा निकष निश्चित करणे अध्यापकांच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

छायाप्रकाशाची साधने :
मुंबईत सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली, त्याच १८५७ साली जॉन रस्किन यांचा 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका लहान चौकोनात लेखणीच्या रेषांनी एकसारखी छटा भरणे, हा त्यातील पहिला पाठ होय. हा ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर विनामूल्य मिळतो. शार्ल बार्ग यांची १८६६ ते १८७१ या काळातील शिलामुद्रित चित्रे प्रथम छायेचे मोठे आकार व नंतर बारकावे, हा क्रम दाखवितात.

रंगज्ञानाची साधने :
अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंग, उजळपणा व तीव्रता असे रंगाचे तीन गुण मांडले. उजळपणा चुकला तर योग्य रंगही वस्तूला घनता देत नाही. म्हणून छायाप्रकाश आधी व रंग नंतर, हा क्रम सयुक्तिक आहे. जोसेफ आल्बर्स यांच्या 'इंटरॅक्शन ऑफ कलर' (१९६३) या ग्रंथातील प्रयोगांत एकच रंग दोन पार्श्वभूमींवर भिन्न भासतो. हा प्रयोग रंगीत कागदाच्या तुकड्यांवरही करता येतो.

मूळ कलाकृती :
छपाईत व पडद्यावर सूक्ष्म छटा लोप पावतात. सा. ल. हळदणकर यांचे म्हैसूर येथील दीपधारिणीचे चित्र जलरंगातील आहे, हे प्रतिकृतीवरून सहसा लक्षात येत नाही. सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे प्रत्यक्ष पाहता येतात. अशी एक अभ्याससहल अनेक चित्रफितींहून अधिक फलदायी ठरू शकते.

निष्कर्ष :
पुस्तक मिटल्यावर विद्यार्थ्यासमोर खिडकीच्या उजेडात एक मडके ठेवावे. उजेड, मध्यछटा, गडद छाया, परावर्तित प्रकाश व पडछाया त्याला स्वतः ओळखता आल्या, तर ते साधन उपयुक्त समजावे. अन्यथा ते केवळ नकलेचे साधन होय. ग्रंथालयासाठी खरेदी करतानाही हाच निकष लावणे इष्ट आहे.