गोठ्याच्या भिंतींतील ढिली कडी

मैंदर्गीकडील जुन्या घरांच्या भिंती बहुधा दगडमातीच्या. दर्शनीं दगड, आंत मातीचा भराव. अशा भिंतींतील बैल बांधण्याची कडी हलूं लागली म्हणजे तोंडाशीं सिमेंट थापून भागत नाहीं. सिमेंट कठीण, आंतील माती मऊ. जनावरानें हिसडा दिला कीं तो गोळा कडीसकट बाहेर येतो व कधीं कधीं दगडही निखळतो.

आमच्या मतें कडी आधीं काढून घ्यावी व तिचें शेपूट फाडून दोहों बाजूंस थोडें वाकवावें. सुटी माती पक्की जागा लागेपर्यंत खरवडावी. भोंक तोंडाशीं शेपूट जाण्यापुरतें, आंत मात्र रुंद असावें. धूळ झाडून पाणी शिंपडावें. मग १ भाग चुना, १ भाग भाजक्या विटांची सुरखी व २ भाग वाळू यांचें घट्ट मळलेलें मिश्रण दगडाच्या कपच्यांसह ठोकून भरावें. नुसता चुना हवेनें आवळतो, म्हणून खोल भोंकांत तो फार दिवस कच्चाच राहतो. सुरखीमुळें तेथेंही धरतो. तोंडावर ओलें पोतें ठेवून निदान तीन आठवडे बैल दुसरीकडे बांधावा. घाई येथेंच नडते.

सिंधुदुर्गाच्या (१६६४) पायांत शिसें ओतलें असें सांगतात. तो उपाय अखंड दगडाचा, मातीच्या भिंतीचा नव्हे. शिवाय ओल्या भोंकांत तापलेलें शिसें उसळून डोळ्यांस इजा होते.