सेल संपला, कॅमेरा नाही!

नांदेड असो की लातूर, 2000च्या दशकातलं लोडशेडिंग ज्यानं भोगलंय त्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वीज गेल्यावरही जे चालतं, तेच खरं आपलं! दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर काकांचा जुना रोलवाला कॅमेरा सापडला, तर हाच नियम लावा. लगेच भंगारात देऊ नका. आणि कुणी 'व्हिंटेज' म्हणून विकत असेल, तर लगेच खिशात हातही घालू नका. आधी एकच विचारा, हा सेलशिवाय चालतो का?

सेल? नको रे बाबा!
आग्फा क्लिक थ्रीला सेल लागतच नाही. 120च्या रोलवर 12 चौकोनी फोटो, बस्स. हा रोल आजही बनतो.
पेंटॅक्स के1000 (1976 ते 1997) आणि निकॉन एफएम2 (1982) यांचं शटर पूर्ण मेकॅनिकल. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला, तोही घड्याळवाल्याकडे मिळणारा एलआर44. तो संपला तर? कडक उन्हात अ‍ॅपर्चर 16 ठेवा, रोल 100चा असेल तर शटर 125. हा 'सनी सिक्स्टीन'चा फंडा. 16 आकडा लातूरकर कसा विसरेल? गंजगोलाईला मिळणारे रस्तेही 16च!

सेल आहे तर सगळं आहे
कॅनन एई-1 (1976) दिसायला एकदम झकास, पण 6 व्होल्टचा सेल संपला की शटर पडतच नाही. जोडीला एक जादा सेल ठेवाच.
याशिका इलेक्ट्रो 35 (1966) चं दुखणं वेगळं. तिचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. अ‍ॅडॉप्टर लावून 6 व्होल्टचा अल्कलाइन सेल चालतो. सेल नसेल तर ती एकाच स्पीडवर, साधारण 500वर, फोटो काढते. जुना पाऱ्याचा सेल आत सापडला तर कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

घेण्याआधी हे बघा
सेलच्या खणात हिरवट-पांढरी पूड असेल, तर सेल गळलाय. मागच्या झाकणाचा फोम बोटाला चिकटला, तर उजेड आत शिरणार. लेन्स टॉर्चसमोर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ती बुरशी. आणि वापर नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो आत ठेवणं म्हणजे गळतीला आमंत्रणच.

अन् शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. झाकण घाईत उघडू नका! रिवाइंडची चावी हलकेच बाणाच्या दिशेनं फिरवा. अडली, तर आत रोल आहे. आधी तो गुंडाळून घ्या, मग धुवायला टाका. कॅमेरा पुन्हा विकत मिळेल हो, पण त्यात आजीचा हसरा फोटो असेल, तर तो कुठून आणणार?