कार्डावर फिकट, भिंतीवर भडक

दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: कार्डावर शेड फिकट पिवळी होती, भिंतीवर मात्र थेट हळदी निघाली. दुकानदार टिंटिंग मशीनची हमी देतो, पेंटर डब्यावरचा नंबर दाखवतो. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. रंग बदललेला असतो तो खोलीने.

शेड कार्डावरचा तुकडा एकटा असतो. त्याच्यावर उजेड पडतो, परततो आणि डोळ्यांत शिरतो. खोलीत मात्र चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात आणि उजेड त्यांच्यामध्ये टोलवला जातो. समजा, एखादा फिकट पिवळा रंग तांबड्या-पिवळ्या प्रकाशातला ८० टक्के आणि निळ्यातला ६० टक्के भाग परत पाठवतो. पहिल्या भिंतीवरून निघताना हे प्रमाण ८० ला ६० असतं. समोरच्या भिंतीवरून परतताना ते ६४ ला ३६ होतं आणि तिसऱ्या टोल्यानंतर ५१ ला जेमतेम २२. दर फेरीला निळा गळत जातो, पिवळेपणा साचत जातो. खोली जितकी लहान आणि रिकामी, तितका हा परिणाम ठळक. म्हणून मनात भरलेल्या शेडपेक्षा कार्डावर एक-दोन घरं फिकट उतरणं शहाणपणाचं.

छत पांढरं ठेवण्यामागेही हेच गणित आहे. अंधाऱ्या खोलीत दिव्याचे वॅट वाढवण्याआधी छताकडे बघावं. आणि खिडकीबाहेर आंब्याचं झाड असेल, तर पांढऱ्या भिंतीवर दुपारी येणारी हिरवट झाक पेंटरच्या माथी मारू नये!

दुसरा घोळ दिव्यांचा. मॅचिंग सेंटरमधून ब्लाऊजपीस घेताना बायका तो साडीसह दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघतात. त्यामागे पक्कं विज्ञान आहे. दोन रंग एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसतात, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात वेगवेगळ्या तरंगलांबींचं मिश्रण निराळं असतं. पिवळसर एलईडी साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, तर पांढराशुभ्र ६५०० च्या आसपासचा. पहिल्याखाली राखाडी-निळी भिंत मळकट वाटते, दुसऱ्याखाली तीच थंडगार दिसते. बेडरूम बहुधा रात्रीच वापरली जाते. तिची शेड भर दुपारी दुकानात ठरवण्यात काय अर्थ?

ओला रंग बघून घाबरणारेही पुष्कळ. चुन्याचा पहिला हात देताना भिंत जवळजवळ आरपार दिसते, खालचे डाग तसेच डोकावत राहतात. तासाभराने तीच पांढरी होऊ लागते. चुन्याच्या कणांभोवती ओलेपणी पाणी असतं, वाळल्यावर हवा येते. कण आणि भोवतालचं माध्यम यांच्या अपवर्तनांकात फरक जितका मोठा, तितका प्रकाश जास्त विखुरतो आणि पांढरेपणा वाढतो. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि थर घट्ट होतो.

इमल्शनचं बरोबर उलटं. त्यातले पॉलिमरचे बारीक कण पाण्यात दुधाळ दिसतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पारदर्शक पापुद्रा बनतो, म्हणून वाळल्यावर रंग थोडा गडद होतो. यात पांढरेपणाचा भार उचलतो टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या रुटाइल रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७, तर भोवतालच्या पॉलिमरचा सुमारे १.५. साध्या खडूचा जवळपास १.६, म्हणून खडू पॉलिमरात बुडाला की फारसं झाकत नाही. स्वस्त रंगाचे तीन-तीन हात द्यावे लागतात, त्याचं एक मोठं कारण हे. टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं.

चुन्यात चिमूटभर नीळ टाकायची जुनी रीत तर फारच हुशारीची. नीळ पिवळा प्रकाश शोषते. भिंत खरं तर किंचित कमी उजळ होते, पण पिवळट झाक गेल्याने डोळ्याला जास्त पांढरी भासते. ही नीळ एके काळी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत. ती कारखान्यात बनवण्यासाठी पॅरिसच्या एका संस्थेने १८२४ मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं आणि १८२८ मध्ये ते जाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं.

ओलीपुढे मात्र कोणतीच शेड टिकत नाही. पाण्याबरोबर वर आलेले क्षार भिंतीला लोणा लावतात आणि महागड्या इमल्शनचेही पोपडे निघतात. आधी गळती, मग पुट्टी.

शेवटचा मुद्दा शिशाचा. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं असायला बंदी आहे. जुन्या दारं-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटला ही मर्यादा नव्हती. तो थर कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, मुलांना आणि गरोदर बायकांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा आणि खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.