पूर्व तिमोर : परकें सैन्य गेल्यानंतर

जावा-बालीच्या पूर्वेस, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे, तिमोर नांवाचें एक लांबट बेट नकाशावर दिसतें. त्याच्या पूर्वेकडील भागाशीं आपला संबंध तो काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. संबंध थोडका असला तरी आहे. पोर्तुगीजांच्या अमदानींत इ. स. १८४४ पर्यंत त्या वसाहतीवरील वरिष्ठ अंमल गोव्याचा होता. आणि जी सत्ता आपल्या शेजारीं १९६१ सालीं संपली, तीच तेथें आणखी चौदा वर्षें टिकली. पुढें मात्र दोन्ही प्रदेशांचीं दैवें निराळीं झालीं. पोर्तुगीज बाजूस होतात न होतात तोंच ७ डिसेंबर १९७५ रोजीं इंडोनेशियाचें सैन्य दिली ह्या राजधानींत उतरलें, आणि तें जवळजवळ चोवीस वर्षें तेथून हाललें नाहीं.

ह्या काळाचा हिशेब पुढें तेथील सत्य व समेट आयोगानें मांडला. २००५ सालीं पुरा झालेला हा अहवाल अडीच हजारांहून अधिक पृष्ठांचा असून त्याचें नांव ‘शेगा’, म्हणजे ‘आतां पुरे’, असें आहे. त्यांत किमान १,०२,८०० मनुष्यें ह्या संघर्षापायीं मेल्याचा अंदाज दिला आहे. पैकीं सुमारें १८,६०० मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं. बाकीचीं भुकेनें व रोगराईनें गेलीं. डोंगरांत आश्रयास गेलेल्या लोकांस खालीं आणून छावण्यांत कोंडलें, शेतीस जाऊं दिलें नाहीं, आणि मग जें व्हावयाचें तें झालें. आम्हांस ह्या अहवालाची एक गोष्ट विशेष आदरणीय वाटते. १९७५ सालच्या आपसांतील लढाईंत तिमोरी पक्षांनीं एकमेकांचे जे बळी घेतले, तेही त्यानें झांकून ठेविले नाहींत.

सैन्य असतांना न्याय कसा चाले, ह्याचा मासला १९९१ सालचा आहे. १२ नोव्हेंबरला दिली येथील सांताक्रूझ दफनभूमींत, मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ जमलेल्या जमावावर शिपायांनीं गोळ्या झाडल्या. एका परदेशी छायाचित्रकारानें तो प्रसंग टिपून फिल्म तेथेंच एका थडग्यांत पुरून ठेविली व मागाहून काढून नेली. म्हणून जगास तो कळला. पुढें खटले झाले. गोळीबाराच्या प्रकरणीं दहा जणांस आठ ते अठरा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, आणि मिरवणूक काढणाऱ्यांपैकीं एकास जन्मठेप!

३० ऑगस्ट १९९९ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालीं मतदान होऊन शेंकडा ७८.५ लोकांनीं स्वातंत्र्याचा कौल दिला. त्याचा सूड म्हणून सैन्यानें व त्यानें पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांनीं देश जाळला. त्या वर्षीं १,४०० हून अधिक लोक मारले गेले, सुमारें अडीच लाख सीमेपलीकडे हांकले गेले. २० सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय सैन्य उतरूं लागलें, आणि २० मे २००२ रोजीं देश स्वतंत्र झाला.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. ज्यांनीं हें केलें त्यांस जाब कोणी विचारावा?

संयुक्त राष्ट्रांनीं दिली येथें विशेष न्यायपीठें बसविलीं. २००५ सालीं तीं बंद होईपर्यंत ३९० हून अधिक जणांवर आरोपपत्रें दाखल झालीं आणि ८४ जणांस शिक्षा झाल्या. हे बहुतेक तिमोरीच होते. खेड्यांतले, टोळींत भरती केलेले, सांगितलेलें काम करणारे. तीनशेंहून अधिक आरोपी सीमेपलीकडे होते व तेथेंच राहिले. जाकार्तामध्यें इंडोनेशियानें आपलें स्वतःचें न्यायालय बसविलें. तेथें अठरा जणांवर खटला चालला, सहांस शिक्षा झाली, आणि अपिलांत एकेक करून ते सारे सुटले. शेवटचा २००८ सालीं. आपले माजी सरन्यायाधीश न्या. प्रफुल्लचंद्र भगवती हे २००५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमिलेल्या तीन तज्ज्ञांच्या समितींत होते. ह्या समितीनें जाकार्ताचे खटले उघडउघड अपुरे ठरविले, व इंडोनेशियानें ठराविक मुदतींत नीट चौकशी न केल्यास तिसऱ्या देशांत आंतरराष्ट्रीय न्यायालय बसवावें, असें सुचविलें. तें न्यायालय बसलें नाहीं.

न्यायालयांहून आम्हांस अधिक मोलाची वाटते ती खेड्यांत घडलेली गोष्ट. घर जाळणें, चोरी, मारहाण अशा लहान अपराधांसाठीं सत्य आयोगानें तेथील जुन्या रूढीचा आधार घेतला. ‘मोठी चटई पसरणें’ असें तिचें नांव. गांवकरी चटईवर बसतात, वडीलधारे बोलावले जातात, पानसुपारी होते, आणि तंटा मिटल्याखेरीज चटई गुंडाळावयाची नाहीं असा दंडक असतो. अपराध्यानें सर्वांदेखत आपलें कृत्य सांगावयाचें. ज्याचें घर जळलें त्यानें तोंडावर प्रश्न विचारावयाचे. मग भरपाई ठरावयाची. ती कधीं छप्पर शाकारून देणें, कधीं एखादें जनावर, कधीं नुसती क्षमायाचना. ह्याप्रमाणें १,३७१ जणांनीं समेट पुरा केला. खून व बलात्कार ह्यांस ही वाट मोकळी नव्हती, आणि तें योग्यच होतें.

पण चटईवर बसला तो छप्पर पेटविणारा. पेटविण्याचा हुकूम देणारा कोणत्याही चटईवर बसला नाहीं. १९९९ सालचे सेनापति जनरल विरांतो यांच्यावर २००३ मध्यें आरोपपत्र ठेविलें गेलें. मे २००४ मध्यें न्यायपीठानें पकडवॉरंट काढलें. त्यांनीं आरोप नाकारले, आणि वॉरंट कोणी बजावलेंही नाहीं. त्याच महिन्यांत तिमोरचे अध्यक्ष शानाना गुस्मांव, जे स्वतः परक्यांच्या तुरुंगांत सहा वर्षांहून अधिक काळ होते, त्यांस बाली येथें आलिंगन देऊन आले. विरांतो पुढें २०१६ ते २०१९ इंडोनेशियाचे मंत्री होते. २००५ सालीं दोन्ही सरकारांनीं मिळून ‘सत्य व मैत्री’ आयोग नेमिला. इंडोनेशियन सैन्याचें संस्थात्मक उत्तरदायित्व त्यानें २००८ सालीं स्पष्ट मान्य केलें, इंडोनेशियाच्या अध्यक्षांनीं खेदही प्रकट केला. मात्र कोणावर खटला भरण्याचा अधिकार ह्या आयोगास मुळांतच दिलेला नव्हता. सुआई येथील देवळांत आश्रयास आलेल्यांच्या व तीन पाद्र्यांच्या हत्येचा आरोप असलेला मातेर्नुस बेरे २००९ सालीं सीमा ओलांडून येतांच पकडला गेला. न्यायाधीशाचा हुकूम नसतां सरकारनें त्यास इंडोनेशियाच्या वकिलातीच्या स्वाधीन केलें, आणि तेंही ३० ऑगस्टला, मतदानाच्या दहाव्या वर्षदिनीं.

तिमोरच्या पुढाऱ्यांची अडचण आम्हांस दिसत नाहीं असें नाहीं. शेजारी शेंकडोंपटीनें मोठा, बाजारांतील माल त्याचा, सीमा त्याच्याशीं लागलेली. शेजार बदलतां येत नाहीं. तरीही आम्हांस येथें एकत्र कुटुंबाच्या कर्त्याची आठवण होते. कर्त्यानें घराचीं देणींघेणीं उरकावीं, स्वतःवरचे अपमान गिळावे. परंतु पुतण्याचा हिस्सा उदारपणें सोडून देऊं लागला, तर घरचेही ऐकत नाहींत आणि कोर्टही ऐकत नाहीं. गुस्मांव यांनीं स्वतःचा तुरुंगवास क्षमा केला, तें त्यांस शोभलें. सुआईच्या विधवांची क्षमा ते कोठून देणार?

त्या बायकांचें मागणें तरी कोणतें आहे? पुष्कळजणी फांशी मागत नाहींत. प्रेत कोठें पुरलें तें सांगा, एवढेंच म्हणतात. तिमोरांत मृत्यूनंतर वर्षानें विधि करून सुतकाचें काळें वस्त्र उतरवितात. ज्याचा मृत्युदिवसच ठाऊक नाहीं, त्याचें वस्त्र कोणत्या दिवशीं उतरवावें? आपल्याकडे नाहींशा झालेल्या माणसाची बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांचा देह करून दहन करीत. घरांतील वृद्ध स्त्रियांस त्यामागचें दुःख निराळें समजावून द्यावें लागणार नाहीं.

आणि कांहीं हरवलेले जिवंतही आहेत. ताब्याच्या काळांत शिपायांनीं, अधिकाऱ्यांनीं व संस्थांनीं हजारो तिमोरी मुलें इंडोनेशियांत नेलीं. कांहीं सैन्याचें ओझें वाहण्यास जुंपलेलीं, कांहीं दत्तक म्हणून, कांहीं शिक्षणाच्या आशेवर. पुष्कळांचीं नांवें व धर्मही बदलले. गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही देशांतील सेवाभावी मंडळींनीं त्यांचा शोध चालविला असून, थोड्याथोड्या तुकड्यांनीं तीं माहेरगांवीं भेटीस आणलीं जातात. आतां तीं चाळिशी-पन्नाशींतलीं. कित्येकांस आईची भाषा आठवत नाहीं, म्हणून भेटीच्या वेळीं मध्यें कोणीतरी दुभाषी बसतो. कांहींच्या नांवानें घरच्यांनीं पूर्वींच रिकामी कबर बांधून ठेविलेली असते.