दिंडाची भावंडं

नागपंचमी आली, की आपल्याकडे घरोघर पुरणाची दिंडं होतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, अशी जुनी चाल आहे. मग सणाचं गोडधोड करायचं कसं? आपल्या आज्या-पणज्यांनी वाट काढली. कणकेची पारी लाटली. तिच्यात पुरण ठेवलं. चारी बाजूंनी दुमडून चौकोनी पुडी केली. ती चाळणीवर ठेवून वाफेवर उकडली. झालं दिंड!

पारी लाटायची, आत सारण भरायचं, तोंड बंद करायचं आणि शिजवायचं, ही युक्ती काही आपल्याच घरची नाही. कोकणात उकडीचे मोदक होतात. तिबेट-नेपाळकडे मोमो करतात. ते मोमो आता आपल्याकडेही गाडीवर मिळू लागले आहेत. अशी दिंडाची भावंडं जगभर आहेत. त्यांतल्या दोघांची ओळख करून घेऊ. एक आहे जपानचं, दुसरं अरबांचं. दोघांचे चांगले गुण घेऊन आपल्या चुलीवर एक नवा पदार्थ करू.

जपानची युक्ती

जपानात ग्योझा नावाचा पदार्थ आहे. तो मुळात चीनचा. चीनच्या ईशान्येला मांचुरिया नावाचा मुलूख आहे. तिथं पुष्कळ जपानी लोक राहत होते. १९४५ साली महायुद्ध संपलं आणि ते मायदेशी परतले. येताना हा पदार्थ करण्याची रीत घेऊन आले. आज तो जपानात घरोघर खातात.

ग्योझा अर्धा परततात आणि अर्धा वाफवतात, तेही एकाच भांड्यात. म्हणून तो खालून कुरकुरीत आणि वरून मऊ होतो. तेल लागतं ते चमचाभर.

अरबांची चव

अरब लोक अशा पुडीत खिमा, कांदा, जिरं, धने, दालचिनी भरतात. आंबटपणाला सुमाक नावाच्या झाडाच्या लाल फळांची पूड घालतात. त्यांच्याकडे शिशबरक नावाचा पदार्थ आहे. त्यात खिम्याच्या लहान लहान पुड्या गरम दह्यात शिजवतात. लसूण आणि पुदिना त्यांच्या फार आवडीचा.

ही चव आपल्याला अगदीच परकी नाही, बरं का! अहमदनगर शहर पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलं. निजामशाहीच्या त्या काळात कोकणातल्या चौल बंदरात अरबी घोडे उतरत. व्यापारी, शिपाई दूरदूरच्या देशांतून इकडे येत. मलिक अंबर हा निजामशाहीचा मोठा कारभारी. तो जन्मानं हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबांच्या मुलखातून फिरत फिरत दख्खनेत आला.

आपला समोसासुद्धा तिकडचाच पाहुणा. अरब त्याला संबुसक म्हणतात. इब्न बतूता नावाचा मुसाफिर चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाकडे होता. तो दौलताबादलाही येऊन गेला. दिल्लीच्या दरबारात खिमा, बदाम, पिस्ते, कांदा भरून तुपात तळलेले समोसे वाढत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, “परमुलखाचं आपल्याला कशाला?” पण मिरची तरी कुठं आपली होती? ती अमेरिकेतून आली. पोर्तुगीज लोकांनी ती आणली. आज मिरचीवाचून आपली भाकर घशाखाली उतरत नाही.

आता करून पाहू

सुमारे २४ नगांचं प्रमाण असं:

पारीसाठी: २ वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, लागेल तसं कोमट पाणी.

सारणासाठी: पाऊण वाटी हरभऱ्याची डाळ, १ मोठा कांदा, ६ लसणाच्या पाकळ्या, १ चमचा जिरं, १ चमचा धने, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मूठभर पुदिना, अर्धं लिंबू, चवीपुरतं मीठ. सुमाक आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याचं काम लिंबू करतं.

कणीक घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारी-बाजरीचं पीठ इथं चालत नाही. त्याला चिकटपणा कमी, म्हणून पारी फाटते.

डाळ चार तास भिजवा. मग बोटानं दाबली तर मोडेल इतपत शिजवा. पाणी निथळून घ्या. हे पाणी फेकू नका, त्याची कटाची आमटी करा. जिरं, धने, दालचिनी कोरडंच भाजून कुटा. थोड्या तेलावर कांदा-लसूण परता. त्यात डाळ, कुटलेला मसाला आणि मीठ घाला. डाळ जराशी चेचा. सारण कोरडं झालं, की खाली उतरवून लिंबू पिळा आणि पुदिना घाला.

मांसाहार करणाऱ्यांनी डाळीऐवजी खिमा घ्यावा. मात्र तो आधी पुरता शिजवूनच भरावा. कच्चा खिमा आत राहिला, तर पोट बिघडतं.

पुरीएवढ्या पातळ पाऱ्या लाटा. मध्ये चमचाभर सारण ठेवा. सारण गार झालेलं असावं. कडेला पाण्याचं बोट फिरवा, पारी दुमडा आणि करंजीला घालतो तशी मुरड घाला. मुरड वर आणि पोट खाली, असं बसवा. तोंड नीट बंद झालं पाहिजे, नाही तर सारण बाहेर येतं.

खोलगट तवा किंवा सपाट बुडाची कढई तापवा. तिच्यात दीड लहान चमचा तेल पसरा. बारा नग मांडा. दोन मिनिटांत तळ तांबूस होतो. आता अर्धी वाटी पाणी घाला आणि लगेच झाकण ठेवा. पाणी पडताच तेल उडतं. म्हणून झाकण आधीच हातात धरा, तोंड दूर ठेवा, पोरांना चुलीजवळ येऊ देऊ नका.

मध्यम जाळावर सहा मिनिटं वाफ द्या. मग झाकण काढा. पाणी आटू द्या. तळ चरचरू लागला, की एक मिनिट थांबा आणि उतरवा. दह्यात लसूण ठेचून, मीठ घालून त्याबरोबर खा.

असं का होतं?

पाणी साधारण १०० अंशांवर उकळतं. तळणीचं तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापतं. तव्यात पाणी आहे तोवर तवा फार तापत नाही, म्हणून तळ करपत नाही. झाकणाखाली वाफ कोंडते आणि वरची पारी शिजवते. पाणी आटलं, की तवा पुन्हा तापतो आणि तळ कुरकुरीत होतो. म्हणजे वाफ शिजवते आणि तेल खमंग करते.

यात आपला फायदा काय?

हिशेब करा. २४ नगांना भाजायला तेल लागलं तीन लहान चमचे. तेवढ्याच करंज्या तळायच्या, तर कढईभर तेल ओतावं लागतं. उरलेलं तेल आपण टाकत नाही. तेच पुन्हा तापवतो, पुन्हा तळतो. तेल असं फिरून फिरून तापवलं, की खराब होतं. ते पोटात जाणं चांगलं नाही. रक्तदाब आणि हृदयाचे आजार आता खेड्यातही आले आहेत. तळण सणापुरतं ठेवलं, तर पैसाही वाचेल आणि शरीरही.

दुसरा फायदा पोरांचा. पोरं गाडीवरच्या मोमोसाठी हट्ट धरतात. घरच्या पुडीत डाळ आहे. डाळीनं वाढत्या मुलांच्या अंगी मांस धरतं. पुदिना ताजा आहे, हात आपले धुतलेले आहेत.

वाफेवर शिजवणं आपल्या बायकांना नवं नाही. दिंडं करणारीला मोमो काय आणि ग्योझा काय, सगळं सोपं! एकदा करून पाहा. आवडलं, तर शेजारणीलाही शिकवा.