जुन्या नावांचा नवा बाजार

पावसाळ्याची चाहूल लागली की रविवारी पहाटे मुंबई आणि पुणे या शहरांतून मोटारसायकलींचे तांडे बाहेर पडू लागतात. द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद असल्यामुळे मुंबईकडील मंडळी जुन्या रस्त्याने खोपोलीवरून बोरघाट चढतात. पुण्याकडील कोणी ताम्हिणीला वळतात, कोणी वरंध्याला, तर कोणी माळशेजचा रस्ता धरतात. वाटेत मिसळ, चहा, धुक्यातली छायाचित्रे आणि ऊन वाढण्यापूर्वी परत, असा हा कार्यक्रम असतो. एके काळी दुधाचे कॅन वाहण्यासाठी, शेतावर वा कचेरीत जाण्यासाठी मोटारसायकल घेतली जात असे. आता कामाच्या दिवसांसाठी घरात दुसरे वाहन असणारा एक वर्ग तयार झाला असून, त्याच्या दृष्टीने मोटारसायकल हे कामापासून चार तास दूर जाण्याचे साधन आहे.

या तांड्यांतील गाड्यांच्या टाकीवरील नावे पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. रॉयल एनफील्ड, जावा, येझदी, ट्रायम्फ, बीएसए ही सारी नावे ज्या कारखान्यांनी प्रथम मिळवली, ते कारखाने केव्हाच बंद पडले. कारखाना गेला, यंत्रे भंगारात निघाली, कामगार पांगले. नाव मात्र राहिले आणि काही वर्षांनी त्याला गिऱ्हाईक आले. बुडालेल्या कारखान्याच्या नावाला किंमत का येते, ती कोणाच्या पदरात पडते आणि केवळ नाव विकत घेतल्याने व्यवसाय उभा राहतो काय, हे प्रश्न हौशी स्वारांपुरते मर्यादित नाहीत. चाकणच्या कामगारापासून तालुक्याच्या गावातील मेकॅनिकपर्यंत अनेकांच्या उपजीविकेशी ते निगडित आहेत.

बुलेटचे सातत्य

या साऱ्यांत रॉयल एनफील्डचे उदाहरण वेगळे आहे, कारण भारतात हे नाव कधी मेलेच नाही. भारतीय लष्कराला सीमाभागात गस्तीसाठी दणकट मोटारसायकली हव्या होत्या. त्या मागणीच्या आधारावर १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कंपनीशी भागीदारी केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे बुलेटची जुळणी सुरू झाली. पुढे सर्व सुटे भाग येथेच बनू लागले. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि अल्पावधीतच मूळ इंग्रज कंपनीही संपुष्टात आली. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तर पाटील, फौजदार आणि साखर कारखान्याचे संचालक यांच्या प्रतिष्ठेचे ते एक चिन्हच होऊन बसले.

तरीही सातत्य म्हणजे भरभराट नव्हे. १९९४ मध्ये कंपनीची सूत्रे आयशर समूहाकडे आली. २००० च्या सुमारास महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत होत्या आणि व्यवसाय बंद करावा काय, असा विचार चालू होता. त्यावेळी सूत्रे हाती घेतलेल्या सिद्धार्थ लाल यांनी गाडीचे रूप व आवाज यांच्याशी असलेले नाते शक्यतो राखले, पण आतील यंत्र बदलण्यास मागेपुढे पाहिले नाही. उजव्या पायाचा गिअर डावीकडे आला, तेल गळणाऱ्या जुन्या इंजिनाची जागा नव्या बांधणीच्या इंजिनाने घेतली आणि २००९ मध्ये ‘क्लासिक’ ही गाडी बाजारात उतरली. समूहाने आपले अनेक अन्य उद्योग विकून भांडवल आणि लक्ष निवडक व्यवसायांवर केंद्रित केले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री निर्यातीसह दहा लाखांवर गेली. या यशाचे श्रेय जुन्या नावाला देणे सोपे आहे. परंतु तेच नाव २००० मध्येही टाकीवर होते, आणि गिऱ्हाईक नव्हते, हे विसरता येणार नाही.

म्हैसूरचा कारखाना

जावाची कथा याच्या उलट आहे. चेकोस्लोव्हाकियात १९२९ मध्ये जन्मलेले हे नाव भारतात आणले ते रुस्तुम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने. म्हैसूर येथे १९६१ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. परदेशी नावाचा करार संपल्यावर सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातील गाड्या ‘येझदी’ या नावाने बाहेर पडू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या, थोड्या पेट्रोलवर अधिक मैल धावणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या बाजारात आल्या. मध्यमवर्गीय गिऱ्हाईक लिटरमागे किती किलोमीटर, एवढाच प्रश्न विचारू लागले. टू-स्ट्रोक इंजिनाच्या येझदीजवळ त्याचे समाधानकारक उत्तर नव्हते. १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

त्यानंतर बावीस वर्षे जावा वा येझदीची एकही नवी गाडी भारतात बनली नाही. तथापि जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या. भंगारातून सुटे भाग शोधणारे, मिळाले नाहीत तर लेथवर घडवून घेणारे मेकॅनिक आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘जावा दिन’ म्हणून एकत्र जमणारे मालक यांनी ते नाव जागते ठेवले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, ज्या मालमत्तेच्या देखभालीवर कोणा भांडवलदाराने एक पैसाही खर्च केला नाही, तिची झीज या मंडळींनी स्वतःच्या श्रमाने भरून काढली.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी महिंद्र समूहाचे बहुसंख्य भाग असलेल्या क्लासिक लेजंड्स या कंपनीने मुंबईत नवी जावा सादर केली. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे बनणारी ही गाडी आता फोर-स्ट्रोक होती. स्वागत एवढे मोठे झाले की महिना-सव्वा महिन्यातच पुढील सप्टेंबरपर्यंतचे उत्पादन विकले गेल्याचे सांगून कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. गाड्या हाती पडण्यास प्रारंभ झाला तो २०१९ च्या मार्चअखेरीस. आठवणींनी गिऱ्हाईक दारापर्यंत आणले, पण त्याला वेळेवर माल देण्याचे काम आठवणींना करता येत नाही. त्यासाठी पुरवठादारांची साखळी, विक्रेते आणि दुरुस्तीच्या सोयी लागतात आणि त्या उभ्या करण्यास वर्षे जातात. जावा आणि पाठोपाठ २०२२ मध्ये आलेली येझदी यांना आपला चाहता वर्ग निश्चित मिळाला. एनफील्डच्या विक्रीच्या जवळपासही त्या जाऊ शकल्या नाहीत, याचे मुख्य कारण मधल्या बावीस वर्षांच्या खंडात शोधले पाहिजे. बुलेट उघडून बसवणारा माणूस जवळपास प्रत्येक तालुक्यात होता. नव्या जावासाठी तो नव्याने तयार करावा लागला.

इंग्लंडचा धडा

ज्या देशातून ही नावे आली, तेथील अनुभवही हेच सांगतो. एके काळी जगभर मोटारसायकली धाडणारा ब्रिटिश उद्योग सत्तरच्या दशकात कोसळला. होंडासारख्या कंपन्या लहान गाड्यांच्या प्रचंड उत्पादनातून खर्च घटवत होत्या, तर ब्रिटिश मालक हळूहळू एकेक वर्ग त्यांना सोडून देत मोठ्या गाड्यांच्या आश्रयाला जात होते. जुन्या यंत्रसामग्रीवर नफा मिळतो आहे तोवर नवी कशाला घ्या, या वृत्तीने त्यांचा घात केला. ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध कामगारांनी ठाण मांडले आणि १९७५ मध्ये सरकारी कर्जाच्या आधारे आपली सहकारी संस्था काढून तो चालवला. जिद्द मोठी होती. पण नवी गाडी घडवण्याइतके भांडवल नव्हते. १९८३ मध्ये तोही प्रयोग संपला.

तेव्हा ट्रायम्फचे नाव विकत घेणारे जॉन ब्लूर हे व्यवसायाने घरबांधणी करणारे. त्यांनी लगेच जुन्या गाडीवर नवा रंग चढवून ती बाजारात आणली नाही. हिंक्ली येथे नवा कारखाना, नवी इंजिने, नवी यंत्रे यांत सात-आठ वर्षे घालवून १९९१ मध्ये विक्री सुरू केली. ‘बॉनव्हिल’ या सर्वांत लाडक्या नावाला तर त्यांनी आणखी दहा वर्षे हात लावला नाही.

नॉर्टनची वाट नेमकी उलटी. २००८ नंतर या नावाचे पुनरुज्जीवन मोठ्या गाजावाजाने झाले; पण तीन निवृत्तिवेतन योजनांतील सामान्य लोकांचा पैसा त्याच व्यवसायाच्या भागांत गुंतवला गेला होता. २०२० च्या जानेवारीत कंपनी कोसळली आणि २०२२ मध्ये तिच्या माजी प्रमुखाने या बेकायदा गुंतवणुकीबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. नावाच्या तेजाने डोळे दिपले की हिशेबाच्या वह्या तपासण्याचे भान राहत नाही, याचे हे उदाहरण होय.

नाव कोणाचे?

आता मालकीचा प्रश्न. कंपनी अवसायनात निघते तेव्हा तिची जमीन, इमारती व यंत्रे विकून देणी भागवली जातात. आपल्या कायद्याने कामगारांच्या थकलेल्या देण्यांना तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. परंतु नाव हीसुद्धा मालमत्ता आहे आणि पुष्कळदा तीच सर्वांत टिकाऊ ठरते. ‘येझदी’ हे व्यापारचिन्ह अवसायनातील आयडियल जावाचे की कंपनी बंद पडल्यावर ते स्वतःच्या नावे नोंदवून घेणाऱ्यांचे, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एकसदस्य न्यायासनाने अवसायनातील कंपनीच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यावर अपील झाले. कायद्याचा काटा कोणत्याही बाजूला झुको, त्यामागील आर्थिक प्रश्न उरतोच. नावाचा लौकिक घडवणाऱ्यांत कामगारही होते. कारखाना बंद होताना त्या लौकिकाचे मोल शून्य धरायचे आणि वीस वर्षांनी त्याचेच कोट्यवधी रुपये करायचे, यात न्याय नाही. बीएसएसाठी महिंद्र समूहाने २०१६ मध्ये सुमारे अठ्ठावीस कोटी रुपये मोजले. नॉर्टनचा व्यवसाय टीव्हीएसने २०२० मध्ये एक कोटी साठ लाख पौंडांना घेतला. नावांना बाजारभाव असतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

ज्यांच्या गाड्या साहेबाच्या राज्यात रुबाबाने फिरत त्या कंपन्यांची नावे आज भारतीय उद्योगसमूहांच्या ताब्यात आहेत आणि ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या २०२३ पासून बजाजच्या सहकार्याने चाकणला बनू लागल्या, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या अभिमानाला एक पुरवणी जोडावी लागेल. उत्तम गाडी बनवण्याचे कसब आपल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी सिद्ध केले असताना तिच्यावर परक्या गावाचे नाव का घालावे लागते? आपल्याकडे नावे नव्हती असे नाही. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर-निर्मितीतून अंग काढून घेण्याचे जाहीर केले आणि २०२० च्या जानेवारीत तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले. नाव जुने, मालक तोच आणि यंत्र भविष्याकडे पाहणारे, असा हा मेळ अधिक निकोप म्हटला पाहिजे.

रविवारच्या मागणीची मर्यादा

जुन्या नावांचा हा बाजार मुख्यतः फावल्या वेळेच्या खर्चावर उभा आहे. असा खर्च मंदीत सर्वांत आधी कापला जातो आणि सरकारच्या दृष्टीने तो सर्वांत आधी कर लावण्याजोगाही असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यापुढील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. ३४९ सीसीच्या एनफील्डला या रेषेचा लाभ झाला आणि ३९८ सीसीच्या ट्रायम्फला तिचा भार सोसावा लागला. नावाची पुण्याई पन्नास सीसींच्या फरकापुढे फारशी चालत नाही.

या हौसेची दुसरी किंमत ताळेबंदात दिसत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरील होती. हे सारे रविवारचे स्वार होते असे कोणी म्हणणार नाही. बहुतेकांसाठी दुचाकी हीच एकमेव परवडणारी सवारी असते. तथापि ओल्या घाटात वेगाची चढाओढ लावणाऱ्याने हा आकडा ध्यानी ठेवला पाहिजे, आणि जाहिरातीत मोकळा रस्ता दाखवणाऱ्या कंपन्यांनीही.

जुन्या नावांबद्दलची आपुलकी खोटी नाही. वडिलांच्या जावावर टाकीपुढे बसून पाहिलेला रस्ता माणूस विसरत नाही. पण त्या आपुलकीचे व्यापारात रूपांतर होताना काही बंधने असावीत. अवसायनाच्या वेळी व्यापारचिन्हांचे मूल्यांकन आणि जाहीर लिलाव व्हावा आणि त्यातून कामगारांची देणी भागावीत. नाव घेणाऱ्याने विकलेल्या गाडीचे सुटे भाग ठरावीक वर्षे पुरवण्याची लेखी हमी द्यावी. आणि गावोगावच्या ज्या मेकॅनिकांनी ही नावे जिवंत ठेवली त्यांना नव्या यंत्रांचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मिळावे. घाटात गाडी बंद पडली की टाकीवरचे नाव उपयोगी पडत नाही. जवळच्या गॅरेजमधला माणूस उपयोगी पडतो. पुनरुज्जीवित नावांचे भवितव्यही अखेर त्याच्याच हाती आहे.